खोक्यातून आलेली घाण

खोकं उघडलं आणि आधी वास आला. ओल्या पुठ्ठ्याचा, स्वस्त रबराचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी, जो मला ओळखता येईना. मी गॅरेजचं दार पूर्ण वर केलं आणि थोडा वेळ बाहेरच उभी राहिले.

जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमध्ये, मी गाड्यांचे सुटे भाग तपासायचं काम करते. दिवसभर लोकांचा माल नाकारायचा, हाच माझा पेशा. ब्रॅकेटवर नखाएवढा ओरखडा दिसला की माल परत. अशा बाईनं इंटरनेटवरून स्वस्तातली चिनी मोटरसायकल मागवली याचं ऑफिसात सगळ्यांना हसू आलं होतं. पण सांगलीला असताना मी वडिलांची मोटरसायकल उसाच्या फडांमधल्या रस्त्यांवरून हाकायचे, आणि मला पुन्हा तसं काहीतरी हवं होतं. उंच, हलकी, डांबरावर चालेल आणि खडीवरही चालेल अशी. फोटोत ती फारच देखणी दिसत होती.

नवऱ्याचा या सगळ्याशी संबंध नव्हता. तो सॉफ्टवेअरमधला, त्याला पान्हा कुठल्या बाजूनं धरतात तेही माहीत नाही. सासरे मात्र तेव्हा आमच्याकडे आले होते. ते अन्न निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर डेअऱ्या, मिठाईची दुकानं आणि हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासलेला माणूस. लग्नापासून आम्ही दोघं एकमेकांशी चहा आणि औषधांच्या वेळा यांपलीकडे फारसं बोललो नव्हतो. इथे घरात बसून त्यांना कंटाळा यायचा, म्हणून ते कानटोपी घालून गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसले.

खोकं म्हणजे लोखंडी सांगाडा आणि वरून पुठ्ठा. इंजिन, मागचं चाक वगैरे जागच्या जागी असतं. पुढचं चाक, हँडल, आरसे, बॅटरी आपण लावायची. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत होईल, असं मला वाटलं होतं.

पुढच्या चाकाचा आस हातात घेतला तर त्यावर तपकिरी, चिकट काहीतरी थापलेलं होतं. ग्रीस म्हणायचं, पण बोटांत चोळल्यावर वाळूसारखं कचकचत होतं. मी पुसत गेले. फडक्यामागून फडकं काळं होत गेलं आणि खालून गंज निघाला. रंग गंजावरच मारलेला होता. टाकीवरच्या चकचकीत स्टिकरचं टोक उचकटलं, तर त्याच्याखालीही रंगाला फोड आलेले.

"बाबा, बघताय ना?" मी म्हटलं.

ते उठून जवळ आले, चष्मा कपाळावर सरकवून वाकले. "वरून चांदीचा वर्ख," ते म्हणाले, "आणि आत नासका खवा. अगं, हे मी जन्मभर बघितलंय."

पुढच्या ब्रेकचे बोल्ट मी नुसत्या बोटांनी फिरवून पाहिले. फिरले. कारखान्यात ते कुणी आवळलेच नव्हते. ब्रेकच्या पॅडवर तेलाचा थर होता. म्हणजे सूचना वाचून कुणी चाक बसवलं असतं आणि गाडी रस्त्यावर काढली असती, तर पहिल्या सिग्नलला ती थांबलीच नसती. ओरखड्यासाठी माल परत पाठवणारी मी, आणि इथे कुणीतरी माणसाचा जीव असा सहज खोक्यात भरून पाठवला होता. निष्काळजीपणाचा राग येतो. मला त्या वेळी राग नाही, किळस आली.

मी एकेक बोल्ट काढला, धुतला, परत बसवला. दोन बोल्ट वाकड्या आट्यात घुसवलेले होते, ते कापून काढावे लागले. पॅड फेकून दिले आणि गावातल्या दुकानातून नवे आणले.

यानंतर गाडी सुरू झाली, पण धड चालेना. नुसती उभी असताना धुगधुगायची, आणि जरा मूठ पिळली की गुदमरून बंद पडायची. शिवाय इंजिन तापलं की तो पहिल्या दिवशीचा वास यायचा, आता जास्तच. पेट्रोल तपासलं, ठीक होतं. बॅटरीही ठीक. मग स्पार्क प्लग काढला तर तो काजळीनं काळाकुट्ट झालेला. म्हणजे पेट्रोल पोचत होतं, हवा पोचत नव्हती. मी सीट काढली आणि एअर फिल्टरच्या डब्याचे स्क्रू सोडले.

झाकण उचललं आणि हातातून सोडून दिलं. आत उंदराचं घरटं होतं. कुरतडलेला फोम, कागदाचे कपटे, लेंड्या, आणि मधोमध वाळून चपटा झालेला उंदीर. इंजिनच्या उष्णतेनं तो हळूहळू भाजत होता, आणि ती हवा आम्ही दोन दिवस नाकात घेत होतो.

मी धावत जाऊन गॅरेजमागच्या कुंपणाशी ओकले. परत आले तेव्हा बाबा हातात मोबाइल घेऊन त्या डब्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढत होते, अगदी शांतपणे.

"हात लावू नकोस अजून," ते म्हणाले. "हे कागदाचे कपटे बघ. चिनी अक्षरं आहेत. हा तुझ्या गॅरेजमधला नव्हे, तिकडूनच आलाय."

नवऱ्याला खाली बोलावलं. त्यानं लांबूनच पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला. "अहो बाबा, टाका ना ते आधी!"

"टाकू. आधी विकणाऱ्याला विचारू दे," बाबा म्हणाले.

मी विकणाऱ्या दुकानाला फोन केला. स्पीकर चालू होता. पलीकडच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, मग थंडपणे म्हणाला, की उंदीर तुमच्याच गॅरेजात शिरला असणार. मी कपट्यांवरच्या अक्षरांबद्दल सांगितलं, ब्रेकच्या बोल्टांबद्दल सांगितलं. "आल्झो, असं करा," तो म्हणाला, "तुमच्या मिस्टरांना फोन द्या, म्हणजे नीट समजेल."

बाबांना जर्मन येत नाही, पण माझा चेहरा त्यांनी पाहिला. "काय म्हणाला तो?"

"नवऱ्याला द्या म्हणाला."

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि इंग्रजीत, साक्ष द्यावी तसं, सावकाश म्हणाले, "आय ॲम द फादर-इन-लॉ. माय सन डझ नॉट नो स्क्रूड्रायव्हर. शी इज द इंजिनिअर. यू विल स्पीक टू हर." आणि फोन परत दिला.

नवरा हसू दाबत बाहेर गेला. पलीकडच्या माणसाचा आवाज बदलला, फोटो पाठवा म्हणाला. पुढच्या आठवड्यात नवा फिल्टर आला. माफीचा एक शब्दही नव्हता.

फोन झाला त्या दुपारी हातमोजे घालून, तोंडाला मास्क लावून आम्ही दोघांनी तो डबा साफ केला. बाबा बोलत राहिले. एका खवा भट्टीवर धाड घातली तेव्हा कढईत काय तरंगत होतं, ते त्यांनी मला सांगितलं. मालकानं वरून दबाव आणला, त्यांची बदली झाली, आणि घरात कुणालाही त्यांनी खरं कारण सांगितलं नव्हतं. "त्या दिवसापासून मी पेढा खात नाही," ते म्हणाले. त्यांना मधुमेह असेल, असंच मी इतकी वर्षं समजत होते.

नवा फिल्टर बसवल्यावर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि मूठ पिळताच मोकळेपणानं ओरडली. तरी तो वास महिनाभर डब्यात मुरलेला राहिला. मी दोनदा साबणानं, एकदा व्हिनेगरनं धुतला. माझ्या हातांनाही तो येतोय असं वाटून जेवताना मी चमच्यानं भात खायचे.

उन्हाळ्यात मी ती हार्त्सच्या डोंगरांपर्यंत नेली. खडीच्या रस्त्यांसाठी घेतलेली गाडी, पण इथल्या जंगलवाटांवर मोटरसायकलला मनाई असते, त्यामुळे सगळा प्रवास डांबरावरूनच. गाडीनं दगा दिला नाही. एका बेकरीसमोर थांबले तर दोन म्हातारे तिच्याभोवती फिरले. एक म्हणाला, "एवढी चांगली बनवतात आता चिनी लोक?"

"नाही," मी म्हटलं. "ही मी बनवली आहे."

त्याला तो विनोद वाटला. मी हेल्मेट घातलं, ब्रेकचे बोल्ट एकदा चाचपले आणि निघाले.