वजनकाट्यापाशी

घाटंजीच्या दवाखान्यात मी लेकीचं वजन करायला जायचे, तेव्हा एक बाई हमखास भेटायची. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरची होती. नाव मी कधी विचारलं नाही. तिचं पोर काट्याच्या झोळीत ठेवलं की झोळी ताणून खाली यायची. माझी लेकही अंगावरच पीत होती, पण तिचं वजन कसंबसं वाढायचं. "वाढून तर राह्यलं ना, मग कायले घाबरता?" नर्सबाई म्हणायच्या. तरी माझी नजर त्या पोराच्या वळ्या पडलेल्या मांड्यांवरून हटत नसे. ती बाकावर मांडी घालून त्याला पाजायची आणि मधूनच त्याच्या टाळूवर हलकी फुंकर घालायची. तिचं ते निवांतपण मला बघवायचं नाही.

एकदा तीच माझ्या लेकीकडे बघत म्हणाली, "ताई, तुमची पोरगी सारखी तुमच्याच तोंडाकडं पाहून राह्यली. माह्यं पोट्टं पेते अन् लगेच आजीकडं झेपावते. मी दिवसभर कापूस येचाले जातो ना! मले त तुमचा हेवा वाटते."

तिची समजूत घालायला हवी होती. पण माझ्या किडकिडीत लेकीवरून कुणाला तरी माझा हेवा वाटला, या आनंदात ते राहूनच गेलं.