वरातीतली काळी गाडी

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर होते. समोर रांग होती. आई फोनवर रडली नाही. "नंदा, तुझे बाबा गेले. झोपेतच गेले. सावकाश ये," एवढंच म्हणाली. सावकाश... आता घाई करून तरी काय होणार होतं. रांगेतल्या माणसांना औषधं दिली, खिडकी सोबतच्या बाईच्या ताब्यात दिली आणि निघाले. आधी हातातलं काम संपवायचं, मग काय रडायचं ते रडायचं, ही आमच्या घरची रीत बाबांनीच घालून दिलेली.

बाबांच्या पुण्यानुमोदनाला भिलाईत, रिसालीच्या आमच्या घरासमोर मांडव घातला होता. बुद्धवंदना झाली आणि एकेक जण उठून बोलू लागला. स्टील प्लँटमधले जुने सोबती होते, समाजातली मंडळी होती. सगळ्यांचं बोलणं फिरून फिरून घराच्या बाजूला उभ्या असलेल्या काळ्या मोटरगाडीपाशी येत होतं. "मेश्रामजींनं शौकही जपला अन् पोरीलेही शिकवलं. दोन्ही सांभाळून दाखवलं." माना हलत होत्या. मीही हलवली. त्या दिवशी मांडवात उभं राहून कोणाला काय समजावत बसणार? पण तेव्हापासून ते वाक्य काही डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

बाबा मूळचे उमरेडकडचे, भिलाईला रोलिंग मिलमध्ये चार्जमन होते. मोटर बाळगणं आमच्या ऐपतीतलं नव्हतंच. पण दुर्गच्या एका मालगुजाराच्या परसात इंग्रजांच्या काळातली एक विलायती गाडी सडत पडली होती, आत कोंबड्या अंडी घालायच्या. मालगुजाराच्या मुलानं ती भंगाराच्या भावात देऊन टाकली. बैलगाडीला बांधून बाबांनी ती क्वार्टरसमोर आणली, तेव्हा आई लाजेनं दार लावून आत बसली होती म्हणे. पुढची काही वर्षं बाबा शिफ्ट करून यायचे, जेवायचे आणि कडुलिंबाखाली त्या गाडीच्या पोटात शिरायचे. "अजी, मले तुमचे पाय तेवढे दिसते. तोंड कधी दाखवसान?" असं आई विचारायची. खालून उत्तर यायचं, "दहाचा पाना दे."

शेवटी ती चालली. मग दर रविवारी सकाळी बाबा मला शेजारी बसवून राजनांदगावच्या रस्त्याला गाडी काढायचे. वस्ती मागे पडली की टॉप गिअर, काचा खाली, तोंडावर वारा. घरात चार शब्दांच्या वर न बोलणारा माणूस तिथे बोलत सुटायचा. "ऐक, आता कशी बोलून राहिली. खळखळ नाही, काही नाही." मला इंजिनातलं ओ की ठो कळायचं नाही, मी बाबांच्याच तोंडाकडे बघत बसायचे. इतकं खूश मी त्यांना दुसरीकडे कुठेच पाहिलेलं नाही. गाडीला टेकायची कोणाला परवानगी नव्हती. पाहुणा टेकलाच तर बाबा हळूच त्याला खुर्ची आणून द्यायचे, कमरेच्या पट्ट्यानं रंगावर ओरखडा जाईल म्हणून.

मग नागपूरच्या फार्मसी कॉलेजात माझा नंबर लागला. आनंद एक दिवस टिकला. फी, होस्टेल, मेस, पुस्तकं... गावी आजी-आजोबांना पैसे जायचे, काकाच्या पोरांची शाळाही बाबांच्याच पगारावर होती. आईनं आडपडदा ठेवला नाही. "पोरीचं कॉलेज का गाडी, एक काय ते ठरवा. मले दोन्ही नाही झेपत." रायपूरचा एक व्यापारी गाडी बघून गेला, भावही बरा देत होता. बाबा दोन-तीन दिवस शिफ्टवरून थेट घरी आले नाहीत. मग एका संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाले, "विकत नाही. तिलेच कामाले लावतो."

हुडको वस्तीतल्या, लग्नाचे मांडव घालणाऱ्या एका टेंटवाल्याशी त्यांचं बोलणं झालेलं होतं. लगनसराईत नवरदेवासाठी सजवलेली जुनी विलायती मोटर, अशी गाडी तेव्हा दुर्ग-भिलाईत शोधून सापडली नसती. बाबांची अट एकच, स्टिअरिंगला दुसरा कोणी हात लावणार नाही. म्हणजे ड्रायव्हरही तेच. स्वतःच्या लग्नात वरात नको म्हणून घरच्यांशी भांडलेला माणूस आता दुसऱ्यांच्या वराती ओढू लागला. सगळ्यांना ती युक्ती फार आवडली. मलाही आवडली होती, खोटं कशाला बोलू. कॉलेज सुटणार नव्हतं आणि गाडीही जाणार नव्हती.

पण वरात म्हणजे मुंगीची चाल. पुढे बँड, मग नाचणारे, मग गाडी. मोकळ्या रस्त्यावर पळण्यासाठी बाबांनी बोल्ट-बोल्ट बसवून तयार केलेली ती मोटर अर्ध्या क्लचवर तासन् तास रांगायची. त्यात आमच्याकडचा मे महिना. रेडिएटरमधून वाफा निघायच्या, क्लच जळाल्याचा वास यायचा. बाबा उतरून पाणी ओतायचे, पुन्हा बसायचे. नवरदेवाचे मामे बॉनेटवर चढून नाचायचे. झेंडूच्या माळांची चिकटपट्टी काढताना रंगाचे पोपडे निघायचे. पार्टीला ड्रायव्हर पांढऱ्या कपड्यात आणि टोपीत पाहिजे असायचा, तर बाबांनी टोपीही घातली. एका लग्नात "ड्राइवर का खाना बाहर भिजवा दो" असं कानावर पडलं, तेव्हापासून मात्र ते घरून डबा न्यायला लागले. आईनं विचारलं, "कावून, लग्नघरी जेवण नाही देत का?"

"देते ना. मलेच नाही जात," बाबा म्हणाले आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या शिफ्टचे कपडे काढून ठेवू लागले.

सुट्टीत घरी आले असताना मी एकदा त्यांना वरातीत पाहिलं. मैत्रिणीबरोबर हुडकोच्या बाजारात उभी होते आणि समोरून बँड आला. काचेवर कोणाकोणाची नावं चिकटवलेली, मागे मुंडावळ्यातला नवरदेव आणि पुढे टोपी घातलेले माझे बाबा. मी हात केला, अगदी वर करून केला. त्यांनी पाहिलं नाही. मान खाली, नजर बॉनेटच्या पुढच्या दोन हात जमिनीवर. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं. रेशनच्या रांगेत माणूस उभा असतो तसे ते बसले होते. घरी आल्यावर मी म्हटलं, "बाबा, तुमी पाह्यलंच नाही माह्याकडं."

"नाचणाऱ्याच्या पायाकडं पाहा लागते, पोरी. तंद्रीत एखादा मागं आला का चाकाखालीच जाते."

असं माझं शिक्षण झालं. लगनं असली की मनीऑर्डर वेळेवर, नसली की उशिरा, पण आली नाही असं कधी झालं नाही. मला नोकरी लागली तेव्हा मी सुट्टी काढून घरी आले आणि बाबांना म्हटलं, "आता बस झालं. टेंटवाल्याले नाही म्हणा." ते म्हणाले, "कालच म्हटलं." मग रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. आईनं ठेवणीतली साडी नेसली होती. राजनांदगावचा रस्ता, सकाळची वेळ, समोर चिटपाखरू नाही. आणि बाबा गाडी रांगवत होते. मागून ट्रक हॉर्न देत पुढे जात होते. "अजी, सायकलवाले पुढं जाऊन राहिले," आई हसत म्हणाली. बाबांनी गिअर बदलला, गाडीनं जरा वेग घेतला, आणि थोड्या वेळानं त्यांचा पाय आपोआप वर आला. मान खाली. नजर त्याच दोन हात जमिनीवर.

"बाबा, समोर कोणी नाही," मी म्हटलं.

"माहीत हाय ना..." त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. आई हसायची थांबली. "मजा नाही येऊन राहिली, नंदा," बाबा म्हणाले. "चाल, घरी जाऊ."

त्यानंतर त्यांनी ती गाडी हौसेनं कधी काढली नाही. पुसायचे, महिन्यातून एकदा जागच्या जागी चालू करायचे, पाहुणे कौतुक करायचे ते ऐकून घ्यायचे आणि भाजी आणायला सायकलनं जायचे. मी खूपदा म्हटलं, निघू या का? "पाहू," म्हणायचे. माझा जीव तुटायचा. त्यांनी गाडी विकली असती तर दुसरी कुठली भंगारातली मोटर तरी आणली असती, पुन्हा तिच्याखाली झोपले असते. गाडी राहिली, पण तिचं वेड माझ्या चार वर्षांत खर्च झालं, आणि ते परत भरून देणं माझ्या पगाराच्या हातात नव्हतं. मांडवात मला हे सांगता आलं नाही.

मागच्या आठवड्यात रायपूरहून एक मुलगा गाडी बघायला आला. भोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "आंटी, बारात के लिए तो एकदम मस्त है." मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. तो गेल्यावर बाबांच्या जागेवर जाऊन बसले. त्या जागेवर मी आजवर कधी बसले नव्हते. पाय ठेवायला खाली पाहिलं. ब्रेक, क्लच, ॲक्सिलरेटर, तिन्हींवरची रबरं बाबांनी एकाच दिवशी बसवली होती, मीच एकेक हातात देत होते. क्लचवरचं रबर झिजून आतलं लोखंड उघडं पडलंय, बाबांच्या चवड्याएवढं. ॲक्सिलरेटरच्या रबरावरच्या रेषा अजून बोटाला लागतात.