थोरलीच्या लेकी

मी मावा पाळते. लोक ज्या किडीवर फवारे मारतात, तिला मी कोवळी पानं खाऊ घालते आणि वर पगार घेते. आईला हे अजून पचलेलं नाही. तिच्या माहेरच्या सगळ्या बायका हाताच्या कलाकार, आणि मी हात लावीन त्याची माती. "ही कुणावर गेलीये कोण जाणे," असं ती मी पाळण्यात असल्यापासून म्हणते आहे.

माझ्या जाळीतल्या किडी मात्र गुणाच्या. सगळी प्रजा एकाच थोरलीची. नर नाही, लग्न नाही. आई थेट लेकींना जन्म देते, त्या लेकी पुढच्या लेकींना. सगळ्या हुबेहूब, म्हणून औषधांच्या चाचणीला उपयोगी. वंश शुद्ध निघाला तर तुमची नोकरी कायम, असं प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या होत्या. परकी कीड आत शिरली तर नाव बदलीन, असं मी छातीठोकपणे सांगून बसले.

औषध मारलं. सगळ्या पटापट गळल्या, पण दोन-चार बायका पानावर निवांत रस ओढत बसलेल्या! मॅडमनी त्या दोन-चार जणी तपासणीला पाठवल्या.

परकी आली कुठून? दारं दुहेरी, हात धुतलेले, एप्रन उकळलेला. मग आठवलं. किडी उचलायचा ब्रश मी अंबाड्यात खोचते, आणि शेजारच्या जाळीत दुसरा वंश आहे. म्हणजे बया माझ्याच डोक्यावर बसून आली! त्याच संध्याकाळी अंबाडा कापून टाकला. दिसत होते पिसं काढलेल्या कोंबडीसारखी.

निकाल आला तेव्हा मॅडम माझ्या डोक्याकडे बघून हसू दाबत होत्या. म्हणाल्या, "बाहेरून कुणी आलेलं नाही. या थोरलीच्याच लेकी. पिढ्या होता होता आतल्या आत बदलल्या." आता त्या लेकींना वेगळी जाळी मिळणार होती, आणि ती सांभाळायला मी कायमची.

केस तेवढे फुकट गेले. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने माझ्या उघड्या मानेवरून हात फिरवला.

"त्याच आईची ना?" ती म्हणाली. "मग असू दे की वेगळी."

मला रडूच फुटलं. केसांसाठी रडतेय, असं मी सांगितलं.