‘कळलं पुढचं’ म्हणणारे आमचे अहो

मी एका कॉम्प्युटर प्रोग्रामवर जळते.

लग्न झाल्यापासून जळते. आज अहोंना जाऊन वर्ष झालं, तरी जळतेच.

अहो पॉलिटेक्निकला शिकवायचे. घरी आले की डबा ओट्यावर आणि स्वतः कॉम्प्युटरपुढे. वाघ-बकरी हा सोंगट्यांचा खेळ खेळणारा प्रोग्राम लिहीत बसायचे.

या खेळाचा पट त्यांनी पहिल्यांदा बघितला तो कुरुंदवाडला, घाटाच्या पायरीवर कोरलेला. म्हणजे ही ब्याद माझ्याच माहेरची!

प्रोग्राम एकेक चाल खेळायला इतका वेळ घ्यायचा की चहा गार व्हायचा. तो वेळ कमी करायचा, एवढाच यांना ध्यास.

एकदा चिडून विचारलं, "एवढं काय असतंय हो त्यात?"

गडी खुलला. "हे बघ. प्रत्येक चालीचं शेवटपर्यंत बघत बसलं तर कॉम्प्युटर म्हातारा हुईल. हातातल्या चालीपेक्षा ही वाईट हाय एवढं कळलं की तिथंच तोडायचं. पुढचं बघायचंच न्हाय. आणि भारी चाल आधी बघायची, मग बाकीच्या पटापट तुटत्यात."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे घरात पण तेच करत होते की!

"आज मंडईत जाऊबाई भेटल्या, म्हणाल्या..."

"कळलं पुढचं."

"गुडघा दुखतोय, डॉक्टर म्हणत होते..."

"कळलं."

संताप याचा, की त्यांना खरंच कळलेलं असायचं.

आणि तो प्रोग्राम हरला की? पहिल्या चालीपासून सगळा डाव परत बघायचे. "कुठं चुकलं रे तुझं?" इतक्या मायेनं! मला नाही कधी असं विचारलं.

एकदा भांडणात मी म्हटलं, "माझ्याआधी किती स्थळं बघितली हुती तुम्ही?"

"एक पण न्हाय. तूच पहिली."

"आणि नंतर?"

"नंतर कशाला? भारी चाल आधीच सापडली की."

लाजले मी, खोटं कशाला बोलू. पण माझं कौतुकसुद्धा त्या मेल्या प्रोग्रामच्याच भाषेत!

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसले होते. म्हटलं, "घरी गेलो की आधी जोतिबाला जाऊ. मग..."

आणि सवयीनं थांबले. आता म्हणतील, कळलं.

त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "मग? पुढं सांग की."

जन्मभर ज्यासाठी जळले, ते मिळालं. आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

कारण पुढचं मला कळलं होतं.

परवा लॅपटॉप उघडला. प्रोग्राम झटक्यात चाल खेळला. ते गेले याचं त्याला काहीसुद्धा नाही. बंद करून ठेवला.

अहो, वर्षभराचं बोलायचं साठलंय.

भेटू तेव्हा सगळं ऐकायचं. मधे तोडायचं न्हाय.

तुमचीच,
सुनंदा