डावं मागचं चाक कोणी आवळलं?

या ग्रुपवरचे किस्से मी वाचतो ते जेवताना, टाइमपास म्हणून. खोटं कशाला बोलू... आजवर एकाही किश्श्यावर विश्वास बसला नाही. मी गॅरेजवाला माणूस. आवाज आला की कुठला तरी बोल्ट ढिला असतो, वास आला की काहीतरी गळत असतं. पंचवीस वर्षांत हे चुकलेलं नाही. बायको म्हणते अमावास्येला नवीन काम हातात घेऊ नका, मी मुद्दाम घेतो. आता तोच मी हे लिहायला बसलोय, तेव्हा हसायचं तर खुशाल हसा, पण आधी पुरतं वाचा.

शहापूरहून शेणव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला माझी पत्र्याची शेड आहे. आत दोन गाड्या मावतात. पुढे शटर, मागे आणि बाजूला भिंत, खिडकी नाही. हाताखाली कोणी माणूस नाही, शटरची चावी एकच आणि ती माझ्या कमरेला. हे सगळं उगाच सांगत नाहीये, पुढे कळेल.

काम शिकलो मुरबाडला, दामूअण्णांकडे. सोळा वर्षं होतो त्यांच्या गॅरेजात. अण्णा कधी ओरडायचे नाहीत, त्यांची पद्धत वेगळीच होती. जुन्या गाड्यांना चारी चाकांना ड्रम ब्रेक. मागच्या ड्रमच्या पाठीमागे एक चौकोनी डोक्याचा अ‍ॅडजस्टर असतो. तो पान्याने फिरवला की टक् टक् करत, खाचेखाचेने आतले ब्रेक शू ड्रमच्या जवळ सरकतात. चाक अडेपर्यंत आवळायचं, मग दोन टक् मागे सोडायचे, चाक मोकळं फिरलं की झालं. पाच मिनिटांचं काम... आणि भानगड इथेच आहे. हे सगळं ड्रम न उघडता, बाहेरूनच करता येतं.

अण्णांना ते अजिबात खपायचं नाही. आधी ड्रम काढ, आत बघ, साफ कर, मग आवळ. मी आळस करून बाहेरूनच उरकलं आणि चहाला गेलो, की परत येईपर्यंत चाक जाम! अण्णांनी मागून येऊन गुपचूप तीन टक् आवळून ठेवलेलं असायचं. स्वतः मात्र लांब खुर्चीत पेपर वाचत बसलेले, जसं काही माहीतच नाही. चाक जाम म्हणजे आपण समजून घ्यायचं, ड्रम उघडायचा.

मी सोडून आलो त्याला नऊ वर्षं झाली. एका गिऱ्हाइकाची जीप मी अशीच बाहेरून करून दिली होती. अण्णांनी त्याला रस्त्यावरून परत बोलावलं आणि त्याच्यासमोर मला चारी ड्रम उघडायला लावले. "दिन्या, तुझा हात चांगला हाय रे. पण तू आत बघत नायस." एवढंच बोलले. मला झोंबलं. परक्या माणसासमोर! दुसऱ्या दिवशी गेलोच नाही. पुढे स्वतःचं गॅरेज टाकलं. अण्णा आजारी पडल्याचं कळलं तेव्हा आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो... आणि गेलो तो थेट दहाव्याला. याचं मला वाईट वाटतं. खूप वाटतं.

यंदा वैशाखात काकींचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा फोन आला. अण्णांचं वर्षश्राद्ध सिद्धगडाच्या पायथ्याला त्यांच्या गावी करायचं होतं. "दिनू, तेंच्या गाडीतनं जायाचंय. गाडी वर्षभर उभीच हाय. तुझ्याशिवाय कोण हात लावल तिला?" गाडी म्हणजे अण्णांची पांढरी अँबॅसिडर. चालवणार त्यांची मुलगी सुनीता. तिला अण्णांनीच त्याच गाडीवर शिकवलेलं. सोबत काकी आणि सुनीताची तीन वर्षांची चिऊ, अण्णांना आबा म्हणणारी. जायचं होतं शुक्रवारी.

सोमवारी मुरबाडहून गाडी हळूहळू आणली. ब्रेकचं पेडल पार खाली जात होतं, हँडब्रेक तर पूर्ण वर ओढला तरी धरत नव्हता. गाडी शेडमध्ये उभी केली आणि तेव्हापासून मला चैन पडेना. दुसरं काम धरलं तरी नजर तिच्याकडेच. सीटवर अण्णांनी टाकलेला टॉवेल तसाच होता. वाटलं, लवकर उरकावी आणि पोचती करून मोकळं व्हावं.

म्हणून मंगळवारी मी नको ते केलं. गाडी सरकू नये म्हणून पुढच्या चाकांना दगडांची उटी लावली, मागची बाजू जॅकवर घेतली आणि बाहेरूनच आवळलं. ब्रेक ऑइल बोटभर कमी होतं, ते वरून टाकलं. हँडब्रेकची केबल खालून ताणली आणि चार खाचा ओढल्यावर तो धरेल असा आणला. पेडल वर आलं, हँडब्रेक धरला. झकास! केबल ताणून हँडब्रेक असा दाखवण्यापुरता आणता येतो, आत शू कसेही असोत... हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण सीझनची कामं अंगावर होती, आणि खरं सांगायचं तर त्या गाडीशी मला जास्त वेळ बसायचंच नव्हतं.

शटर ओढून चहाला गेलो. परत आलो, जॅक काढण्याआधी सहज चाकाला हात लावला. उजवं फिरलं. डावं जाम.

पहिल्यांदा स्वतःलाच शिवी घातली. हँडब्रेक ओढून ठेवला असेल! बघितलं तर खाली सोडलेला. म्हणजे मीच चुकून जास्त आवळलं असणार. तीन टक् सोडले, चाक मोकळं झालं. अण्णांची आठवण आली का? आली. पण ती मी तिथेच झटकली आणि गाडी तशीच जॅकवर ठेवून शटरला कुलूप लावलं.

बुधवारी सकाळी शटर उघडलं आणि आधी त्या चाकापाशी गेलो. जाम. परत तीन टक्. आता मात्र माझं डोकं फिरलं. कोण मस्करी करतंय? पण कुलूप होतं तसं, चावी माझ्याकडे. अ‍ॅडजस्टर धक्क्यांनी ढिला होऊ शकतो, तेही गाडी पळत असेल तर. उभ्या गाडीचा आपोआप आवळला जात नाही, त्याला पाना लागतो आणि मनगटात जोर लागतो. मी चाक मोकळं केलं आणि अ‍ॅडजस्टरच्या डोक्यापासून ड्रममागच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. आता फिरव म्हटलं, कोण फिरवतोस ते बघतोच!

दुपारपर्यंत त्या गाडीसमोर ऑइलचा डबा उपडा घालून बसून राहिलो. दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. स्वतःचाच राग येत होता. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, चाकाची राखण करतोय! उठावं, बसावं, पाणी प्यावं, परत चाकाला हात लावून बघावा... फिरतंय. चहा प्यायला मात्र गेलो नाही.

साडेबाराच्या सुमारास सुनीताचा फोन आला. शेडमध्ये रेंज नसते, म्हणून शटरशी आलो. चाकाकडे पाठ झाली.

"दिनूदादा, झाली का रे गाडी? चिऊनं आताच सांगून ठेवलंय, आबांच्या गाडीत मी मागं खिडकीशी बसणार. ब्रेक बघितलास ना नीट? गावाजवळचा उतार तुला म्हायतीय, बाजूला सगळी दरी."

"बघितला गो. एकदम ओके..." मी म्हणालो.

आणि मागे आवाज आला. टक्. टक्. टक्.

सावकाश. मध्ये सारखं अंतर ठेवून. अण्णा आवळायचे तसे, प्रत्येक टक् बोटाला लागू देत.

वळायला मला किती वेळ लागला सांगता येत नाही. बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावरून रिक्षा चाललेल्या, कानाला सुनीताचा हॅलो हॅलो चालू. शेडमध्ये कोणी नव्हतं. पाना माझ्याच खिशात होता. वाकून पाहिलं तर पांढरी रेघ तुटलेली. पत्र्यावरचा तुकडा सरळ आणि बोल्टच्या डोक्यावरचा आडवा. चाक जाम. चक्क खाली बसलो. आणि तोंडातून आपोआप निघालं, "उघडतो, अण्णा. उघडतो."

दुसरा कोणताही विचार केला नाही. ढिलं केलं, चाक काढलं, ड्रम ठोकून बाहेर घेतला. आत सगळं ऑइलने भिजलेलं. वर्षभर उभं राहून चाकातल्या ब्रेक सिलेंडरचं रबर गेलं होतं आणि बोटभर कमी झालेलं ऑइल तिथेच उतरत होतं. एका शूचा लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारा पट्टा, अर्धा सुटून लोंबत होता, हाताने ओढला तर सरळ हातात आला. उतारावर जोरात ब्रेक मारला असता तर त्या चाकाला काय उरलं असतं? आणि मी केबल ताणून हँडब्रेक चार खाचांवर आणून ठेवला होता... काकी, सुनीता आणि खिडकीशी चिऊ. रडलो, लपवत नाही.

संध्याकाळपर्यंत चारी ड्रम उघडले. गुरुवारी नवीन लायनर, नवीन रबर, सगळं साफ करून आधी ड्रम आवळले आणि केबल शेवटी, अण्णांच्या क्रमाने. मग मुद्दाम चहाला गेलो. येऊन हात लावला. चारी चाकं मोकळी फिरली.

शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर पुढच्या सीटवर बसून गेलो, बसवेचना घरी. गावाजवळच्या त्या उतारावर वळणालाच एक पेंढ्याचा ट्रॅक्टर आडवा बंद पडलेला. सुनीताने ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत थांबली. तिने हँडब्रेक ओढला. मी खाचा मोजल्या, चार. वीस मिनिटं त्या उतारावर गाडी उभी होती, तसूभर हलली नाही. चिऊ मागे झोपलेली. डाव्या बाजूला दरी होती आणि मी सगळा वेळ तिकडेच बघत होतो.

श्राद्ध झाल्यावर काकींना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील किंवा घाबरतील. त्यांनी हात पदराला पुसले आणि मला समोर बसवलं. मग म्हणाल्या, "तू गेल्यावर आणखी चारजण आले कामाला. पण ह्यांनी त्यातल्या कुणाचं चाक जाम केलं नाय. मी इचारलं एकदा. तर म्हनले, दिन्या येल परत, त्याचं अजून शिकायचं बाकी हाय."

मला पुढे ऐकवेना. उठून गाडीपाशी जाऊन उभा राहिलो.

आमच्या धंद्यातला एक मित्र म्हणतो, सुटलेला लायनर आत अडकला असेल, म्हणून चाक जाम होत होतं. असेल. मलाही ते पटतं. पण मग ती रेघ कोणी फिरवली? ते तीन टक् कुठून आले? इथे कोणाकडे उत्तर असेल तर सांगा, चिडणार नाही.

आता एकही गाडी ड्रम न उघडता सोडत नाही. काम झालं की शटर ओढून चहाला जातो, मुद्दाम वेळ काढतो. येऊन डाव्या मागच्या चाकाला हात लावतो. फिरतं. काम बरोबर झालं म्हणून बरं वाटायला पाहिजे ना... नाही वाटत. एकदा तरी जाम मिळावं असं वाटतं.