आवाज बेबाबाईचा, नाव लोटनभाऊंचं

बेबाबाईबद्दल लिहायला बसले आहे ते रागातच. राग गेल्यावर लिहीन म्हटलं तर लिहिणं व्हायचंच नाही, कारण तो जाईल असं काही दिसत नाही. मी कमल. सरकारी दवाखान्यात नर्स होते, आता रिटायर आहे. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती मंडळी छोटी, पत्र्याच्या चर्चमध्ये सगळे मावतात, आणि तिथे मला लहानथोर सगळे अक्का म्हणतात. तोंडाने फटकळ आहे हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

बेबाबाई गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. नववीपर्यंत शिकलेली, पन्नाशीला आलेली, अंगाने किरकोळ. रविवारी उपासनेआधी सतरंज्या अंथरणारी तीच आणि सगळे घरी गेल्यावर गुंडाळणारीही तीच. पण बायबलातली गोष्ट सांगायला लागली की वाटावं, ती माणसं मागच्या गल्लीतच राहतात. "अब्राहामनी बायको मोठी खवट व्हती, अक्का," असं ती मला सांगते, जणू काल तिच्याशी नळावर भांडून आली आहे.

आमच्या गुरुवारच्या महिला सभेत पूर्वी भागाबाई धडा द्यायच्या. खिडकीजवळ एक लाकडी स्टूल आहे, त्यावर बसून. भागाबाई वारल्या तेव्हापासून ते स्टूल रिकामं. आम्ही बायका जमायचो, दोन गीतं म्हणायचो, प्रार्थना करायचो, चहा प्यायचो आणि घरी जायचो. कोणी काही शिकवायचं नाही, कारण भागाबाईंनंतर शिकवायची परवानगी कोणालाच मिळाली नव्हती. एकदा माझ्याकडे तांदूळ निवडता निवडता त्या स्टुलाचा विषय निघाला, तर बेबाबाई म्हणाली, "अक्का, माले तठे बसनं शे." एवढंच. तिने कधी काही मागितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मग चर्चचे नवे पाळक, म्हणजे पाद्री, जीवन गावित आले. नवापूरकडचे, तरुण, गोड बोलणारे, लॅपटॉप काखेत मारून फिरणारे. एका रविवारी त्यांनी भिंतीवर चादर बांधली आणि एका बायबल शाळेचा ऑनलाइन अभ्यासक्रम आम्हाला दाखवला. घरबसल्या मोबाईलवर धडे ऐकायचे, प्रश्न सोडवायचे, शेवटी परीक्षा. भाईदास आबा आमचे सगळ्यात जुने पंच. ते उठले आणि म्हणाले, "मोबाईलमा बठ्ठी घाण शे. तठे देवनं वचन कसं काय ठेवतस?"

"आबा, बाजारातही घाण असते," पाळकसाहेब म्हणाले, "तरी भाजी आपण तिथूनच आणतो ना?"

सगळे हसले, आबासुद्धा. मग पाळकसाहेबांनी जाहीर केलं की जो कोणी हा कोर्स पूर्ण करेल त्याला मंडळीत शिकवायची परवानगी मिळेल, पुरुष असो की बाई. बाई म्हटल्यावर आबांनी घसा खाकरला. मी बेबाबाईकडे पाहिलं. ती सतरंजीचा दोरा ओढत खाली मान घालून बसली होती, पण कान समोर होते.

उपासना संपल्यावर टेबलाशी नावं नोंदवायला गर्दी झाली. ज्याचा मोबाईल नंबर त्याचंच नाव मशीन घेत होतं. आता आमच्याकडे निम्म्या घरांत नेटचा मोबाईल एकच, आणि तो नवऱ्याच्या खिशात. बेबाबाईच्या घरीही तसंच. तिचे मालक लोटनभाऊ एमआयडीसीत हमालांच्या टोळीचे मुकादम. माणूस वाईट नाही, पण मानाचा भुकेला. एकदा मंडळीच्या पंचांच्या निवडणुकीत उभे राहिले आणि भाईदास आबांपुढे आपटले, तेव्हापासून शेवटच्या रांगेत बसायचे. मशीनमध्ये नाव पडलं लोटनभाऊंचं. बेबाबाई चाचरली तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "अहो, नाव फक्त मशीनसाठी. अभ्यास कोण करतं ते देवाला माहीत आणि मला माहीत."

हे वाक्य मी शेजारी उभी राहून ऐकलं आहे.

बेबाबाईच्या घरात रेंज नाही, माझ्या ओट्यावर आहे. संध्याकाळी लोटनभाऊ कामावरून आले की ती मोबाईल घेऊन माझ्याकडे यायची. पुरुष मंडळी पहिल्या आठवड्यातच गळाली. बायकाही एकेक करून सुटल्या. कोणाला डोळ्याने दिसेना, कोणाची सासू आजारी. बेबाबाई राहिली. चार उत्तरांतलं एक निवडायचं असे, तर ही मोबाईलशी वाद घालायची. "अक्का, हाईबी बरोबर शे नि तेबी." मग मशीनने चूक दाखवली की रुसायची आणि धडा पुन्हा पहिल्यापासून ऐकायची. ऐकलेलं मला सांगायची, माझ्या म्हशीचं दूध घ्यायला येणाऱ्या बायकांना सांगायची. बायका पातेली हातात धरून उभ्याच राहायच्या, दुधावर साय धरली तरी हलायच्या नाहीत. जेवायची वेळ झाली की लोटनभाऊ फाटकाशी येऊन थट्टा करायचे, "मास्तरीन बाई, भाकर भेटी का?" त्यांना तिचं कौतुक होतं. टोळीतल्या हमालांनाही सांगायचे की आमची घरवाली कॉलेजात जाते म्हणून.

शेवटचं काम होतं ते एक धडा स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवायचं. बेबाबाईने इसहाकाची गोष्ट घेतली. म्हातारा इसहाक डोळ्यांनी आंधळा झालेला, थोरल्या एसावाला आशीर्वाद देणार. एसाव शिकारीला रानात गेलेला. तेवढ्यात धाकटा याकोब भावाचे कपडे चढवतो, एसावाचे हात केसाळ म्हणून आपल्या हाताला बकरीचं कातडं बांधतो आणि बापाजवळ जाऊन म्हणतो, मीच एसाव. बाप चाचपडतो. हात एसावाचे लागतात, आवाज मात्र दुसऱ्याचा वाटतो. तरी तो आशीर्वाद देऊन मोकळा होतो. मग एसाव येतो, माझ्यासाठी काहीच ठेवलं नाही का असं बापाला विचारतो आणि ओक्साबोक्शी रडतो. रेकॉर्डिंग चालू असताना मी कोंबड्या हाकलत होते. एसावाच्या रडण्याशी येऊन बेबाबाईने मोठ्याने नाक ओढलं, तेही रेकॉर्ड झालं. ते पुसून नव्याने म्हणते म्हणाली, मी म्हणू दिलं नाही.

काही दिवसांनी बायबल शाळेचं उत्तर आलं. "बंधू लोटन, आपला धडा मनाला भिडला." आम्ही दोघी पोट धरून हसलो. "अक्का, मना आवाज बंधूसारखा शे का?" ती विचारत होती आणि डोळे पुसत होती. मी पाळकसाहेबांना जाऊन हे सांगितलं, तर तेही हसले आणि म्हणाले, बघतो, नाव बदलून घेतो. मी विश्वास ठेवला. चर्चमध्ये माणूस विश्वास ठेवणार नाही तर कुठे ठेवणार?

प्रमाणपत्राच्या रविवारी बेबाबाई लेकीच्या लग्नातली साडी नेसून आली. सतरंज्या अंथरताना त्या साडीला धूळ लागू नये म्हणून पदर खोचला होता. पाळकसाहेबांनी चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र वर धरलं आणि म्हणाले, "आपल्या मंडळीतून कोर्स पूर्ण करणारी एकच व्यक्ती." बेबाबाई अर्धी उठली. "आपले बंधू लोटन."

ती खाली बसली. मला वाटलं, लोटनभाऊ पुढे जातील आणि तिला हाक मारतील. तिलाही तेच वाटलं असणार, कारण पदर सावरून ती तयार बसली होती. लोटनभाऊ शेवटच्या रांगेतून उठले, पुढे गेले, एकदा बायकांच्या बाजूला पाहिलं. मग हारासाठी मान वाकवली. टाळ्या पडल्या. भाईदास आबांनी स्वतः उठून हात मिळवला. पाळकसाहेब पुढे म्हणाले की लोटनभाऊंच्या धड्याचं शाळेने खास कौतुक केलं आहे, म्हणून पुढच्या रविवारी तोच धडा ते मंडळीला देतील. आणि गुरुवारच्या महिला सभेचं शिकवणंही आता तेच बघतील.

तो दिवस आठवला की अजून माझं डोकं फिरतं. उपासना सुटल्यावर मी बेबाबाईला धरून पाळकसाहेबांकडे नेलं. ते वायर गुंडाळत होते.

"अक्का, नाव छापून आलं, आता मागे घेता येत नाही," ते म्हणाले. "आणि बाईच्या नावाने पंचांमध्ये वाद झाला असता. तसंही नवरा-बायको एकदेह असतात. एकाला मिळालं म्हणजे दोघांना मिळालं."

"मग हार एकाच गळ्यात का घातला?" मी विचारलं. ते वायर गुंडाळतच राहिले.

बेबाबाईने एवढंच विचारलं, "पाळकसाहेब, तुम्हाला तर माहीत होतं ना?"

"माहीत आहे की," ते म्हणाले, अगदी प्रेमाने. नाही म्हणाले असते तर मला कमी लागलं असतं. विसरणाऱ्याला माफ करता येतं. ह्यांनी सगळं माहीत असून केलं, आणि वर मायेने बोलले.

घरी काय झालं ते तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिने नवऱ्याला विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही. लोटनभाऊ म्हणाले, सांगणारच होतो, पण हार गळ्यात पडला, आबांनी हात पुढे केला, मग तोंडच उघडेना. आणि मग म्हणाले, तो धडा मला शिकवून दे.

"आणि तू शिकवणार?" मी विचारलं.

"तेसनी फजिती व्हयनी तं ती मनीबी व्हयनी, अक्का."

मी तिला नको नको ते बोलले. होऊ दे फजिती म्हटलं, उभं राहू दे त्यांना तोंड वासून. तिने ऐकलं नाही. आठवडाभर चुलीपाशी बसवून तिने नवऱ्याला तो धडा शिकवला. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, सगळं. संसार करायचा असतो, हे मला कळत नाही असं नाही. पण गुरुवारी लोटनभाऊ महिला सभेत येऊन भागाबाईंच्या स्टुलावर बसले आणि प्रार्थना करून गेले, तेव्हा बेबाबाईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती खिडकीबाहेर बघत होती.

रविवार आला. लोटनभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. धडा चांगला दिला, खोटं कशाला बोलू. तिचे शब्द, तिचे थांबे, आंधळा इसहाक चाचपडतो तिथे तिचीच ती हाताची हालचाल. पुरुष माना डोलवत होते. बायका मात्र एकमेकींकडे बघत होत्या. माझ्या ओट्यावर पातेली धरून हाच धडा ऐकलेल्या त्या सगळ्या.

"याकोबानं भावाचे कपडे घातले," लोटनभाऊ म्हणाले. "बापानं विचारलं, तू कोण? तो म्हणाला, मी एसाव." इथे त्यांचा आवाज हळू झाला. "बापानं चाचपून पाहिलं. हात तर एसावाचे. पण आवाज..." त्यांनी बायकांच्या सतरंजीकडे पाहिलं आणि नजर लगेच काढून घेतली. कॉलरच्या आत बोट घालून मान पुसली. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, आठवडाभर पाठ केलेली, पण ती कोणाची गोष्ट आहे हे त्यांना तिथे उभं राहिल्यावर कळलं. मी समोर बसले होते. ते कळताना मी पाहिलं.

तरी ते पुढे गेले. बापाने आशीर्वाद दिला, याकोब बाहेर पडला, एसाव रानातून आला. बाप म्हणाला, दिलं ते दिलं, आता मागे घेता येत नाही. मग एसाव मोठ्याने रडला आणि बापाला म्हणाला... इथे लोटनभाऊ थांबले. विसरले नव्हते. ते वाक्य त्यांच्या तोंडून निघेना.

"पुढे, लोटनभाऊ," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

तेव्हा बेबाबाई बोलली. उठली नाही, बसल्या जागेवरूनच बोलली, माझ्या ओट्यावर बोलली होती तशीच.

"बाबा, मनासाठे काहीच नई ठेवं का?"

काही पुरुषांना वाटलं, नवरा अडखळला म्हणून बायकोने आठवण करून दिली. पण ती नवऱ्याकडे बघत नव्हती. ती पाळकसाहेबांकडे बघत होती, आणि उत्तराची वाट बघत होती.

पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला. पेटीने सूर धरला आणि पुरुष म्हणायला लागले. बायकांच्या बाजूने कोणी तोंड उघडलं नाही, मीही नाही. गीत तसंच अर्ध्या आवाजात संपलं. आशीर्वचन झाल्यावर बेबाबाई चपला घालून सगळ्यांच्या आधी बाहेर पडली. लोक गेले, सतरंज्या अंथरलेल्याच राहिल्या. लोटनभाऊ दारात उभे राहून थोडा वेळ रस्त्याकडे पाहत होते, मग आत येऊन एकटेच त्या गुंडाळायला लागले.