गाडीत बॅटरी टिकत नव्हती तेव्हा

परवा मोबाइलवर कुणीतरी गाडीत घर केल्याचे फोटो टाकले होते. पलंग, पंखा, गॅस, दिवे... सगळे वा वा करत होते. मी खाली एवढंच लिहिलं, ‘बॅटरीचं बघा.’ लोक हसले. एकाने विचारलं, काका, तुम्हाला काय माहिती?

माहिती आहे. माझी शाळा सातवीपर्यंत, पण हे माहिती आहे.

पंच्याण्णवच्या आसपासची गोष्ट. बाजारात रोज नवा माल येत होता... नेलपॉलिश, टिकल्यांची पाकिटं, चमकीच्या बांगड्या. मी जुनी मिनीबस घेतली, बाकडी काढली, एका बाजूला फळ्या ठोकल्या, मागे झोपायला पलंग केला. मी आणि बायको वडवणी, तेलगाव, केज असे बाजार करत फिरायचो. बाजारात धंदा तिचा, मी नुसता ड्रायव्हर. बायका तिच्याच पुढे हात धरायच्या. माझ्या हातून बांगडी भरताना फुटायची.

तिला दम्याचा त्रास होता. पत्र्याची गाडी, बीडचा उन्हाळा... म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा पंखा पलंगाजवळ बसवला होता. त्याच्यावर तिची झोप होती.

आणि पुढे काचेपाशी महादेवाचा फोटो. चालत्या गाडीत तेलाचा दिवा टिकत नाही, म्हणून मी चार लाल बल्बची माळ लावली. थेट बॅटरीवरून. बटण मुद्दामच ठेवलं नाही... देवाचा दिवा कुणी चुकूनसुद्धा विझवू नये.

चैत्र लागला आणि गाडी सकाळी चालू होईना. किल्ली फिरवली की नुसतं ‘कट’. बाजारातली माणसं धक्का द्यायची आणि टिंगलही करायची. “आप्पा, बैल जुपा की ओ गाडीला!” “काकूला स्टेरिंगवर बसवा, तुमी ढकला!” मी वरवर हसायचो, पण मनातून भ्यायचो. उद्या आडरस्त्याला बंद पडली तर? हिला दम लागला तर?

मी काय काय केलं नाही... बॅटरीत पाणी टाकलं, टोकावरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली, ग्रीस लावलं, इंजिनाचा पट्टा आवळला, बॅटरी चार्ज करणारा डायनामा खोलून घेतला. चार्जिंगला दिलेली बॅटरी दोन दिवस चालायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

केजला रहीमभाई म्हणून बॅटरीवाला होता. त्याने गाडीतलं सगळं बंद करायला लावलं, बॅटरीची एक वायर काढली आणि परत हळूच टेकवली. बारीक ठिणगी उडाली.

“ब्याटरी चांगली हाय, आप्पा. गाडीत कुनीतरी करंट पितंय.”

मग एकेक वायर सोडवत तो पुढे आला. फोटोपाशी हात नेला तसा मी ओरडलो, “तिकडं हात लावायचा न्हाई!” चारचौघांत ओरडलो. त्याने हात मागे घेतला, रुमालाला पुसला आणि दुसऱ्याच कामाला लागला.

राहता राहिला पंखा. मी तो काढून माझ्या सीटखाली टाकला. बायको पुठ्ठ्याने वारा घेत बसायची, उशीला टेकून, तोंड उघडं ठेवून... आणि गाडी तरीही चालू होत नव्हती. त्याचाही राग मी तिच्यावरच काढला. पंखा गुपचूप लावतेस का, असं विचारलं तिला. पंखा माझ्याच बुडाखाली होता.

एकदा केजला येताना मोठा खड्डा चुकला नाही. दणका बसला, माळेची वायर तुटली, दिवे गेले. मला अपशकुन वाटला. सकाळी उठल्या उठल्या रहीमभाईकडे जाऊन जोडून घ्यायची ठरवलं.

सकाळी किल्ली फिरवली... आणि पहिल्या झटक्यात गाडी चालू!

मी हात जोडले. म्हटलं, “बघ, देवानं ऐकलं!”

ती मागे अंथरूण गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, “दिवं बंद झालं म्हनून चालू झाली.”

“तुला माहीत होतं?”

“लई दिस झाले.”

“मंग सांगितलं कावून न्हाई?”

“कुनाला सांगू? तुमाला?”

रहीमभाईकडे गेलो. तोही मान खाली घालून म्हणाला, “त्याच दिवशी कळलं होतं, आप्पा. पन देव तुमचा, आन तुमी तर अंगावर आलता... मी काय बोलावं?” त्याने माळेला छोटं बटण लावून दिलं. पंखाही मी परत बसवला. तोवर ती पिशवी घेऊन खाली उतरली होती.

“मी एसटीनं घरला जाते. तुमी करा बाजार.”

पाऊसकाळ सरला तरी ती गाडीत चढली नाही. बायका यायच्या, “काकू कुठं हायत?” विचारायच्या आणि पुढच्या दुकानाकडे वळायच्या. दिवाळीआधी गाडी विकली.

मी आयुष्यभर स्वतःला भित्रा समजत आलो. मला भिणारी माणसं माझ्या शेजारीच होती, ती कधी दिसली नाहीत.

आता आम्ही दोघं घरीच असतो. नळ गळो, मिक्सर बंद पडो, मी आधी तिलाच विचारतो, तुला काय वाटतं? ती म्हणते, “तुमीच बघा.” आणि आत जाते. मी थांबतो... अजून कधी उत्तर आलेलं नाही. त्या एका सकाळी तेवढं बोलली, हे तिचे उपकारच.